हार-तुऱ्यांचे फोटो पुरे, बिंदुनामावली दाखवा!

मराठवाड्यातल्या कुठल्याही अनुदानित महाविद्यालयाचे फेसबुक पान उघडा आणि वर्षभरातल्या घडामोडींची यादी करा. संविधान दिन झाला. वाचन प्रेरणा दिन झाला. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती झाली, १४ एप्रिलच्या निमित्ताने व्याख्यान झाले, वृक्षारोपण झाले, स्नेहसंमेलन झाले. प्रत्येक कार्यक्रमाचा फोटो आहे. फोटोत बॅनर आहे, समई आहे, हार घातलेली प्रतिमा आहे, शाल-श्रीफळ घेतलेले पाहुणे आहेत. खालच्या कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि वेळ आहे, कारण नॅकच्या फाइलला जिओटॅग केलेला फोटो लागतो.

आता त्याच पानावर शिक्षकांच्या बातम्या शोधा. अमुक सर प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले, निरोप समारंभ थाटात झाला. तमुक मॅडम निवृत्त झाल्या. एका माजी प्राध्यापकांना श्रद्धांजली. पण 'मराठी विभागात नवे पूर्णवेळ सहायक प्राध्यापक रुजू झाले' ही बातमी किती दिसते? कित्येक महाविद्यालयांत ती वर्षानुवर्षे दिसत नाही. जो निवृत्त होतो त्याच्या खुर्चीवर तासिका तत्त्वावरचा, म्हणजे सीएचबीचा माणूस बसतो, आणि तो कुणाच्याच बातमीत येत नाही. त्याच्या येण्याची बातमी होत नाही, जाण्याचीही होत नाही.

मित्रांनो, या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. प्राध्यापकांची पूर्णवेळ, नियमित आणि आरक्षणानुसार नेमणूक हा नेट-सेट झालेल्या काही हजार बेरोजगारांचा खासगी प्रश्न नाही. तो आंबेडकरी चळवळीच्या मुळाचा प्रश्न आहे. आपण मात्र कॉलेजात जातो ते कार्यक्रमाचे पाहुणे म्हणून. हार घेतो, भाषण करतो, टाळ्या घेतो आणि परत येतो. आपल्याला बोलावणाऱ्या विभागात मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे आपण विचारत नाही.

नाव मिलिंद, जागा नागसेनवन

हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, जास्त टोकदार होतो. कारण या शहराला उच्च शिक्षणाची वाट बाबासाहेबांनी घालून दिली.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते. उच्च शिक्षण म्हणजे हैदराबाद आणि उस्मानिया विद्यापीठ. खेड्यातल्या महार-मांगाच्या पोराला तिथवर पोचणे स्वप्नातही शक्य नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटी ८ जुलै १९४५ ला स्थापन झाली होती आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले होते. त्यानंतर बाबासाहेबांनी औरंगाबाद निवडले. जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. मराठवाडा विद्यापीठ आले ते १९५८ मध्ये. म्हणजे या मातीत विद्यापीठाच्या आठ वर्षे आधी बाबासाहेबांचे महाविद्यालय आहे.

या महाविद्यालयाला त्यांनी मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. ही नावे शोभेची नाहीत. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारे भिक्खू. 'मिलिंद पञ्ह' हा ग्रंथ त्या दोघांच्या संवादाचा. त्यात चर्चेला बसण्याआधी नागसेन एक अट घालतात. महाराज, पंडितांच्या रीतीने चर्चा करणार असाल तर मी बोलेन, राजांच्या रीतीने करणार असाल तर नाही. राजा विचारतो, फरक काय? नागसेन समजावतात की पंडितांच्या चर्चेत मत मांडले जाते, खोडले जाते, चूक असेल तर मान्य केली जाते आणि त्यावरून कुणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक बाजू घेतो आणि जो विरोध करेल त्याला शिक्षा फर्मावतो. मिलिंद राजा पंडितांची रीत मान्य करतो, आणि मगच संवाद सुरू होतो.

ज्या परिसराला हे नाव दिले गेले त्या परिसरात शिक्षक कसा असावा, याचे उत्तर या एका प्रसंगात आहे. शिक्षक असा हवा की जो समोरच्याला, मग तो प्राचार्य असो, संस्थाचालक असो की आमदार असो, 'तुमचे म्हणणे मला पटत नाही' असे सांगू शकेल. आणि असे तोच सांगू शकतो, ज्याची भाकरी दर जूनमध्ये त्याच माणसाच्या सहीवर अवलंबून नसते.

नियुक्तीपत्रातून काय उभे राहिले

१९५५ मध्ये मिलिंद महाविद्यालयात एक नाटक झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी लिहिलेले 'युगयात्रा'. ते बाबासाहेबांच्या समोर सादर झाले. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांना या नाटकापाशी थांबावेच लागते. कार्यक्रम म्हणाल तर तोही महाविद्यालयातला एक कार्यक्रमच होता. पण तो फाइलसाठी केलेला नव्हता. प्राचार्य स्वतः लिहीत होता, विद्यार्थी उभे राहत होते, आणि ज्यांच्या इतिहासाबद्दल ते नाटक होते तेच समोर बसून ते बघत होते.

पुढे डॉ. म. ना. वानखेडे याच मिलिंदचे प्राचार्य झाले. अमेरिकेत पीएच.डी. करून आलेला हा माणूस तिथल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य वाचून आला होता. आपल्या लेखकांनी मध्यमवर्गीय साहित्याची नक्कल करू नये, स्वतःच्या जगण्यातला विद्रोह लिहावा, हे त्यांनी विद्यार्थ्यांपुढे मांडले. मराठीचे प्राध्यापक डॉ. गंगाधर पानतावणे यांनी इथे शिकवता शिकवताच १९६० च्या दशकाच्या अखेरीस 'अस्मितादर्श' उभे केले आणि पुढे अनेक दशके चालवले. खेड्यातल्या शिक्षकाची, गिरणी कामगाराच्या मुलाची, वसतिगृहातल्या पोराची पहिली कविता त्या त्रैमासिकात छापून आली. २०१८ मध्ये पानतावणे सरांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले.

आपण या माणसांची नावे आदराने घेतो, आणि घेतलीच पाहिजेत. पण समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला या इतिहासाची दुसरी बाजूही दिसते. त्रैमासिक चालवायला कागद लागतो, टपालखर्च लागतो, प्रुफे तपासायला संध्याकाळ लागते, आलेल्या दोनशे कवितांना उत्तरे लिहायला रविवार लागतो. पुढच्या वर्षी आपण याच गावात, याच विभागात असणार आहोत याची खात्री लागते. हे सगळे नियमित पगाराच्या आणि कायम नोकरीच्या जिवावर उभे राहते. प्रतिभा त्यांची होती, त्यागही त्यांचाच होता. पण त्या प्रतिभेच्या खाली नियुक्तीपत्राची जमीन होती. ती जमीन बाबासाहेबांनी तयार केली होती.

खुद्द बाबासाहेबांकडे पाहा. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपत नव्हता. पण त्याच नोकरीत असताना, ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते, नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. त्याला शाहू महाराजांची मदत होती. आणि प्राध्यापकीच्या पगारातून शिल्लक टाकलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज, यावर बाबासाहेब त्याच वर्षी अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. म्हणजे बाबासाहेबांच्या वाटचालीतही प्राध्यापकीच्या पगाराचा वाटा आहे. पगाराला कमी लेखून चळवळीची भाषा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

तासिका तत्त्व म्हणजे नेमके काय

आज त्याच मराठवाड्यात नेट, सेट, पीएच.डी. झालेला तरुण काय करतो? जून-जुलैमध्ये तो बायोडाटा घेऊन महाविद्यालये फिरतो. मुलाखत होते, आदेश मिळतो, त्याला विद्यापीठाची मान्यता यायला महिने जातात. जितके तास घेतले तितक्याच तासांचे मानधन. दिवाळीची सुटी, परीक्षा, उन्हाळा, या काळात तास नाही म्हणून पैसाही नाही. जे मिळते ते दरमहा मिळेल याची शाश्वती नाही, कधी सहा महिन्यांचे एकदम येते. म्हणून तो सकाळी एका गावात आणि दुपारी दुसऱ्या गावात तास घेतो आणि मधला वेळ एसटीत काढतो. वर्ष संपले की नोकरी संपते. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच फाइल, तीच मुलाखत.

मला शिकवणाऱ्यांपैकी एक शिक्षक असेच होते. जातिव्यवस्थेचे समाजशास्त्र आम्हाला त्यांच्याइतके नीट कुणी शिकवले नाही. आम्ही विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती रखडल्याबद्दल एक निवेदन तयार केले आणि त्यांच्याकडे पाठिंब्याची सही मागायला गेलो. त्यांनी निवेदन पूर्ण वाचले, दोन वाक्ये दुरुस्त करून दिली आणि म्हणाले, "मजकूर बरोबर आहे. सही मात्र करता येणार नाही. जूनमध्ये पुन्हा ऑर्डर घ्यायची आहे." त्या सरांना भित्रे म्हणायची माझी तयारी नाही. त्यांच्यासमोर राजांच्या रीतीची चर्चा मांडून ठेवली होती, आणि त्या चर्चेत हरण्याची शिक्षा त्यांना ठाऊक होती.

गंमत अशी की हे सगळे नियमाला धरूनही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम सांगतात की कंत्राटी शिक्षक अगदीच गरज असेल तेव्हा नेमावेत, त्यांचे प्रमाण एकूण शिक्षकपदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नये, आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक पगाराइतका तरी मोबदला द्यावा. तासिका तत्त्व हे नाव वेगळे ठेवले की ही दोन्ही बंधने बाजूला पडतात. माणूस वर्षभर शिकवतो, पेपर तपासतो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराला जातो, नॅकच्या फाइली रंगवतो, पण कागदावर तो फक्त 'तास' असतो. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या विनियमांचा जो मसुदा काढला त्यात तर ही १० टक्क्यांची मर्यादाही गाळलेली होती. आज जी पळवाट आहे ती उद्या राजमार्ग करायची ही तयारी आहे.

राज्य सरकारचे वागणेही तसेच. २०१७ मध्ये पदभरती थांबवली. मोठ्या आंदोलनांनंतर २०१८ मध्ये सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरायला मान्यता दिली. ती पुरी भरण्याआधीच कोरोनाच्या नावाने पुन्हा थांबवली. २०२१ मध्ये त्यातल्याच उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा परवानगी दिली. एकाच मंजुरीची बातमी आपण दोनदा वाचली आणि दोनदा पेढे वाटले. त्या काळात दरवर्षी निवृत्त होणाऱ्यांची संख्या मात्र कुठल्याही आदेशाने थांबली नाही.

आरक्षण रद्द न करता आरक्षण संपवायचे

आता यातला जातीचा प्रश्न बघू. तासिका तत्त्वावरची नेमणूक ही 'पदा'वरची नेमणूक धरली जात नाही. त्यामुळे पद रिक्त ठेवून तास वाटले की बिंदुनामावलीतला बिंदू तसाच पडून राहतो. आरक्षण कायद्यात आहे, जाहिरातीत आहे, भाषणात आहे, फक्त खुर्चीवर कुणी नाही. संविधानाला हात न लावता आरक्षण संपवायचा याहून सोपा मार्ग नाही.

दुसरी युक्ती एकक बदलण्याची. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने महाविद्यालय किंवा विद्यापीठाऐवजी विभाग हे आरक्षणाचे एकक धरावे असा निकाल दिला. मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसे परिपत्रक काढले. वरून हा तांत्रिक बदल दिसतो. पण १३ बिंदूंच्या पद्धतीत अनुसूचित जातीचा पहिला बिंदू सातवा येतो आणि अनुसूचित जमातीचा चौदावा. ज्या विभागात तीनच पदे आहेत तिथे पहिली तिन्ही खुली. सात पदे नसलेल्या विभागात अनुसूचित जातीच्या माणसाची पाळी कधी येणार? आणि चौदा पदे असलेला विभाग तुम्ही आपल्याकडच्या एका तरी महाविद्यालयात पाहिला आहे का? देशभर आंदोलन पेटले, ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला आणि दोनच दिवसांत केंद्राला अध्यादेश काढून संस्था हेच एकक धरावे लागले. पुढे त्याचा कायदा झाला. तो केंद्रीय संस्थांसाठी आहे. राज्यातल्या महाविद्यालयांना राज्याचे कायदे आणि शासन निर्णय लागू होतात. म्हणून कुठल्याही जाहिरातीत पहिला प्रश्न हाच विचारायचा की एकक काय धरले आणि नामावली कुणी तपासली.

तिसरी युक्ती सगळ्यांना पाठ आहे. मुलाखती होतात, राखीव जागेसाठी दहा-बारा पात्र उमेदवार येतात आणि शेरा पडतो, 'योग्य उमेदवार आढळला नाही.' नेट झालेला, पीएच.डी. झालेला, त्याच महाविद्यालयात आठ वर्षे तासिकेवर शिकवलेला माणूस निवडीच्या दिवशी अयोग्य ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी तासिकेवर शिकवायला पुन्हा योग्य होतो! चौथी गोष्ट म्हणजे 'दर'. त्याचे आकडे चहाच्या टपरीवर उघड बोलले जातात, म्हणून इथे लिहीत नाही. एवढेच म्हणते की ज्याचा बाप ऊसतोडीला जातो त्याच्याकडे तो आकडा नसतो. त्याला बाबासाहेबांनी दिलेल्या गुणवत्तेच्या शिडीची शेवटची पायरीच काढून घेतलेली असते.

विद्यार्थ्यांचे काय होते

मी वस्त्यांमध्ये काम करते. बीड-जालन्याच्या खेड्यांतून शहरात शिकायला आलेल्या मुली भेटतात. महाडीबीटीचा अर्ज परत आला, स्वाधार योजनेसाठी कागद कमी पडला, वसतिगृहाची यादी लागली नाही, हे त्यांचे रोजचे विषय. पूर्वी अशा वेळी मुलगी विभागातल्या सरांकडे किंवा मॅडमकडे जायची. ते सहसंचालक कार्यालय ओळखायचे, समाजकल्याणचा टेबल ओळखायचे, त्या मुलीच्या गावातला तिच्या आधी शिकून गेलेला मुलगाही ओळखायचे. आज मी मुलीला विचारते, कॉलेजात कुणाला सांगितलेस? ती म्हणते, "ताई, मागच्या वर्षीच्या मॅडम यंदा नाहीत. नवे सर मंगळवारी आणि गुरुवारी येतात." अर्ज भरायची मुदत मात्र सोमवारी संपलेली असते.

महाविद्यालय म्हणजे इमारत आणि वेळापत्रक नव्हे. तिथे दहा-वीस वर्षे टिकून राहणारी माणसे असतात. त्यांना आठवण असते, ओळख असते, त्यांचा शब्द बाहेर चालतो. नामांतराच्या सुमारे साडेपंधरा वर्षांच्या लढ्यात, २७ जुलै १९७८ च्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत, नागसेनवनातल्या वसतिगृहांतले विद्यार्थी पिढ्यामागून पिढ्या उतरत राहिले. विद्यार्थी तीन वर्षांत जातो. एका तुकडीची आठवण दुसऱ्या तुकडीच्या हाती द्यायला तिथे टिकून असलेला कुणीतरी लागतो. शिक्षक विद्यार्थ्याहून लवकर जाऊ लागला तर ही आठवण कोण सांभाळणार?

काही आक्षेप

पहिला आक्षेप असा येतो की हा नोकरदारांचा प्रश्न आहे, चळवळीने अॅट्रॉसिटी, भूमिहीन, झोपडपट्टी यांचे प्रश्न बघावेत. ते बघायलाच हवेत. पण नोकरी लागल्यावर चळवळ सोडणाऱ्यांवरचा राग नोकरी न लागलेल्यांवर काढू नका. आणि अत्याचाराचा अभ्यास करून त्याची आकडेवारी मांडणारा, कोर्टात कागद वाचून समजावणारा, मोर्च्याचे निवेदन लिहून देणारा माणूस कुठून येतो, हेही विचारा.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. 'आपल्या' संस्थांबद्दल बोलू नका, विरोधकांच्या हाती कोलीत मिळेल. पीपल्सच्या कारभाराचे वाद वर्षानुवर्षे गाजत आले आहेत, हे लपलेले नाही. माझे मत स्पष्ट आहे. मागणी सगळ्यांना एकच हवी. मराठा संस्थाचालकाच्या महाविद्यालयाला जो प्रश्न विचारायचा तोच बाबासाहेबांचे नाव लावणाऱ्या प्रत्येक संस्थेला विचारायचा, आणि आधी विचारायचा. ज्या परिसराचे नावच प्रश्न विचारणाऱ्या राजावरून पडले आहे, तिथे प्रश्न विचारणे हा द्रोह कसा होईल?

तिसरा आक्षेप कार्यक्रमांबद्दल. मग जयंत्या बंद करायच्या का? अजिबात नाही. जयंती हे आपले लोकविद्यापीठ आहे. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर पुस्तकांच्या दुकानांपुढे उभी राहणारी गर्दी जगात दुसरीकडे दिसत नाही. पण ती जयंती लोकांची असते. महाविद्यालयात होते ती पुष्कळदा फाइलची असते. जी संस्था १३ एप्रिलपर्यंत अनुसूचित जातीचे पद रिक्त ठेवते आणि १४ एप्रिलला माझ्या गळ्यात हार घालते, तिच्या हाराचा अर्थ मी तपासून घेणार.

काय करायचे

घोषणा पुरे, कामाची रीत सांगते. अनुदानित महाविद्यालयाला सरकारचा पैसा मिळतो, म्हणून माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ त्याला लागू होतो. कलम ४ प्रमाणे कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचा मासिक मोबदला त्याने कुणी न मागताही जाहीर करायचा असतो. तो केलेला नसेल तर १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर बंधनकारक आहे, नाही आले तर प्रथम अपील करा. अर्जात हे पाच मुद्दे मागा:

१. विषयवार आणि प्रवर्गवार मंजूर, भरलेली व रिक्त शिक्षकपदे, आणि प्रत्येक पद रिक्त झाल्याची तारीख.

२. बिंदुनामावलीची प्रमाणित प्रत आणि मागासवर्ग कक्षाने ती शेवटची तपासल्याची तारीख.

३. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांची विषयवार संख्या आणि मानधन अदा केल्याच्या तारखा.

४. रिक्त पदे भरण्यासाठी उच्च शिक्षण सहसंचालकांकडे ना हरकत प्रस्ताव पाठवला असल्यास त्याची प्रत, आणि आलेले उत्तर.

५. मागच्या निवड समित्यांची इतिवृत्ते, विशेषतः 'योग्य उमेदवार नाही' असा शेरा जिथे आहे ती. समितीत मागासवर्गीय सदस्य होता का, तेही.

एक काळजी घ्या. हा अर्ज तासिकेवरच्या शिक्षकाच्या नावाने करू नका, करायलाही लावू नका. त्याची ऑर्डर जाईल. अर्ज विद्यार्थी संघटनेच्या पदाधिकाऱ्याने स्वतःच्या नावाने, माजी विद्यार्थ्याने, वस्तीतल्या मंडळाच्या कार्यकर्त्याने करावा. कुणाची वैयक्तिक माहिती मागू नका, पदांची मागा. एका गटाने एकच महाविद्यालय घ्यावे आणि उत्तर येईपर्यंत सोडू नये. उत्तरे आली की ती एका तक्त्यात मांडून महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर लावा. अधिसभेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवारापुढे तो तक्ता ठेवा.

आणि आपल्यापैकी जे वक्ते म्हणून बोलावले जातात, त्यांनी एक नियम करावा. निमंत्रण आले की प्राचार्यांना नम्रपणे विचारायचे, "सर, आपल्याकडे मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि राखीव बिंदू किती रिक्त?" उत्तर मिळाले तर भाषणाची सुरुवात त्या आकड्यांनी करायची. नाही मिळाले तर ते मिळाले नाही, हे भाषणात सांगायचे. याने काही निमंत्रणे कमी होतील. होऊ द्या. हार घालायला माणसे कमी पडणार नाहीत.

पुढच्या १४ एप्रिलची तयारी आपल्या मंडळांत आत्तापासून सुरू होईल. वर्गणी ठरेल, डीजे ठरेल, वक्ता ठरेल. त्याच बैठकीत एक अर्जही लिहून घ्या. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात त्याचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम!